युनिटीत गेमच्या कोडला युनिट टेस्ट लिहायच्या कशा?

नवखा_डेव्ह: नमस्कार मंडळी, युनिटी या गेम इंजिनमध्ये सापशिडी करतोय, त्याची भाषा सी शार्प नुकतीच शिकलोय. फासा टाकणं, सोंगटी सरकवणं, साप आहे का शिडी ते बघणं, आवाज, अ‍ॅनिमेशन सगळं प्लेअर नावाच्या एकाच स्क्रिप्टच्या, दर फ्रेमला चालणाऱ्या अपडेटमध्ये आहे. काहीही बदललं की प्ले दाबून सोंगटी 95 च्या पुढे जाईपर्यंत खेळत बसायचं, तेव्हा कुठे कळतं शेवटचा नियम चालतोय का. युनिट टेस्ट, म्हणजे कोडचा छोटा भाग आपोआप तपासणारा कोड, लिहायला घेतली तर न्यू प्लेअर केल्यावर वॉर्निंग येते आणि पुढे काहीच चालत नाही. गेमला खरंच टेस्ट लिहितात का लोक, आणि नेमकं काय टेस्ट करायचं?

कोडकट्टा: लिहितात की. सी ऑफ थीव्ज बनवणाऱ्या रेअरच्या टीमने 2019 च्या जीडीसी या गेम डेव्हलपर्सच्या परिषदेत यावर अख्खं सेशन घेतलं होतं, वेळ काढून बघच.

तुझा प्लेअर मोनोबिहेविअर आहे, म्हणजे युनिटीच्या ऑब्जेक्टला जोडायची स्क्रिप्ट. तो न्यू करून बनत नाही, अ‍ॅडकंपोनंटनेच जोडावा लागतो, म्हणून ती वॉर्निंग. पण तू त्याच्या मागे लागू नकोस, आधी खेळाचे नियम वेगळे काढ. पट नावाचा साधा क्लास कर, युनिटीशी त्याचा काही संबंध नको, आणि त्यात एकच फंक्शन: आत्ताचं घर आणि पडलेलं दान द्यायचं, नवं घर परत मिळणार. मग टेस्ट अगदी दोन-तीन ओळींची होते. 98 वर 2 पडले तर 100. 98 वर 5 पडले तर 98 लाच थांबायचं. सापाच्या तोंडावर आलो तर शेपटीचं घर मिळालं पाहिजे. या टेस्ट एडिट मोडमध्ये, म्हणजे गेम प्ले न करता, पटकन चालतात, सीन उघडायची पण गरज नाही. प्लेअर स्क्रिप्टने फक्त पटाला विचारायचं आणि सोंगटी तिथे न्यायची.

रात्रपाळी: वरच्याशी सहमत, फक्त फासा विसरू नका. रँडम थेट नियमांच्या आत बोलावला तर टेस्ट कधी पास होईल कधी फेल, आणि अशा टेस्टवरचा विश्वास उडाला की माणूस त्या चालवणंच सोडतो. फाशाचा इंटरफेस कर, म्हणजे फाशाने काय द्यायचं एवढंच ठरवणारा साचा, आणि टेस्टमध्ये त्याच्या जागी ठरवलेली दानं देणारा खोटा फासा दे, मग 6 पडल्यावर परत पाळी मिळते का तेही तपासता येतं. सीड, म्हणजे रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा, फिक्स करून भागवू नको, सी शार्प ज्यावर चालतं त्या डॉटनेटची व्हर्जन बदलली की त्याच सीडला तेच आकडे येतील याची खात्री नसते.

वेळेचंही तसंच, पाळीचा टायमर असेल तर डेल्टाटाइम, म्हणजे दोन फ्रेममधला वेळ, बाहेरून पास कर आणि फ्लोटची, म्हणजे दशांश आकड्यांची, तुलना करताना थोडा टॉलरन्स दे, बारीक फरक चालवून घे.

नवखा_डेव्ह: भारी, पट वेगळा काढला! पण टेस्टच्या फोल्डरमधून तो क्लास दिसतच नाहीये??

कोडकट्टा: टेस्टची असेंब्ली, म्हणजे एकत्र कंपाइल होणारा कोडचा गठ्ठा, वेगळी असते, तिला तुझ्या नेहमीच्या स्क्रिप्ट दिसत नाहीत. स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये एक असेंब्ली डेफिनिशन फाइल बनव आणि टेस्टच्या डेफिनिशनमध्ये तिचा रेफरन्स टाक, हे सगळ्यांनाच अडतं. मग विंडो, जनरल, टेस्ट रनर मधून रन ऑल. अ‍ॅनिमेशन मात्र डोळ्यांनीच बघ, सोंगटी सरकताना छान वाटते का ते कुठलीच टेस्ट सांगणार नाही.