पाठाची सुरुवात पुस्तकाच्या पानापासून की अध्ययन निष्पत्तीपासून?

धागाकर्ता (प्राथमिक शिक्षक, डिचोली, गोवा):
राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने (एनसीईआरटी) २०१७ मध्ये इयत्तावार अध्ययन निष्पत्ती, म्हणजे इयत्तेअखेर मुलाला काय यायला हवे याच्या अपेक्षा, प्रसिद्ध केल्या आणि त्याच वर्षी शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय नियमांत त्यांचा उल्लेख आला. तरीही आपल्यापैकी अनेकांची पाठ टाचणे (तासाच्या लेखी आखण्या) अजून पान क्रमांकानेच सुरू होतात आणि निष्पत्ती शेवटच्या रकान्यात उतरवल्या जातात. हा क्रम उलटा असावा, असे माझे म्हणणे आहे. ५२ वजा २७ हे उदाहरण दिले की दुसरीतील काही मुले हमखास ३५ लिहितात, कारण प्रत्येक स्थानी ती मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात. पान संपवायचे असेल, तर शिक्षक उत्तर दुरुस्त करून पुढे जातो. मुलाला वजाबाकी यावी हे ध्येय असेल, तर मात्र त्याला माडाच्या हिरांच्या दहा-दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुटे हीर मांडून, त्यातली एक जुडी मुलाच्याच हातून सोडवून घ्यावी लागते. परिसर अभ्यासात तर पुस्तकापेक्षा निष्पत्तीच अधिक मोकळीक देतात. तिसरीच्या मुलाने भोवतालच्या झाडांची पाने, खोड, साल यांचे रंग, स्पर्श, गंध ओळखावेत अशी अपेक्षा असेल, तर चित्रातल्या झाडापाशी अडून राहण्यापेक्षा त्याला कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) नेऊन पोफळीच्या खोडाला हात लावू देणे योग्य नव्हे काय?

एकशिक्षकी शाळेतील शिक्षिका (सत्तरी):
सर, कुळागर मान्य; मात्र एका इयत्तेला तिकडे नेताना उरलेल्या तीन इयत्तांना कोणी सांभाळायचे, हेही आपण लिहायला हवे होते. माझा मुख्य आक्षेप भाषेबाबत आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या पायाभूत वाचन-लेखन आणि गणिताच्या केंद्रीय अभियानात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचता यावेत असे लक्ष्य आहे. माझ्या वर्गात घरी कोकणी बोलणारी एक मुलगी मराठी उतारा सावकाश वाचते, मध्येच थांबून शब्दाचा अर्थ कोकणीत स्वतःशी पुटपुटते आणि शेवटी सगळी गोष्ट क्रमाने सांगते. तिच्या शेजारचा मुलगा घडाघडा वाचतो, पण गोष्टीत कोण कोण होते हे त्याला सांगता येत नाही. घड्याळ लावले की मुलगी मागे आणि मुलगा पुढे ठरतो. पाठाची आखणी या आकड्यावरून करू लागलो, तर आम्ही गोष्ट शिकवणार की वेग?

पालक (म्हापसा):
निष्पत्ती असाव्यात, फक्त पालक सभेत त्या आम्हाला कळतील अशा शब्दांत सांगाव्यात. ‘अपेक्षित पातळीकडे वाटचाल’ एवढ्यावरून घरी नेमका कोणता सराव घ्यावा हे समजत नाही.

धागाकर्ता:
बाई, त्या लक्ष्यात वेगाच्या जोडीला आकलनाचीही अट आहे. ती वगळून नुसते शब्द मोजणे हा तपासणाऱ्याचा दोष आहे. बहुवर्ग अध्यापनात, म्हणजे एकाच शिक्षकाने अनेक इयत्ता एकत्र शिकवताना, तर निष्पत्तींचा उपयोग अधिकच होतो. निपुणच्या लक्ष्यांत पहिलीला ९९, दुसरीला ९९९ आणि तिसरीला ९९९९ पर्यंतच्या संख्या अपेक्षित असल्याने स्थानिक किमतीचा पाठ एकदाच सुरू करून प्रत्येक इयत्तेला आपापली संख्या देता येते. तीन पुस्तकांची तीन वेगळी पाने धरून बसल्यास हा सांधा दिसतच नाही.

एकशिक्षकी शाळेतील शिक्षिका:
गणितापुरते पटले, स्थानिक किमतीचा पाठ मी तसा घेऊन पाहीन. भाषेत मात्र अट कागदावर असून भागत नाही, कारण मोजायला सोपे तेच तक्त्यात भरले जाते आणि तक्त्यात जे भरायचे तेच हळूहळू शिकवले जाते. मुलाने वाचलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत, हवे तर कोकणीतून, सांगितल्यावरच वाचनाची नोंद करावी, असे लेखी ठरेपर्यंत माझा भाषेचा तास गोष्टीपासूनच सुरू होईल आणि निष्पत्तीचा रकाना मी तास संपल्यावर भरेन.