'सिम्युलेटेड पेशंट'ला मराठीत काय म्हणाल? (नकली आणि तोतया सोडून)

सुईदोरा:
एका मेडिकल कॉलेजातून आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला पत्र यायचंय. विद्यार्थ्यांना पेशंटशी बोलायला शिकवायचं, त्यासाठी संघातल्या आठ-दहा जणांनी पेशंटचं काम करायचं. मसुदा इंग्रजीत आहे. मराठी करायचं माझ्या गळ्यात पडलंय, कारण मी दोन वर्षं हे काम करतेय. (वय ५८, पित्ताशयात खडे, विधवा. प्रत्यक्षात पित्ताशय आणि नवरा दोन्ही ठणठणीत.)

आधी 'नकली रुग्ण' लिहिलं. संघाचे सचिव म्हणाले, "ताई, कॉलेजच्या तपासणीला खाटा भरायला भाड्यानं माणसं आणतात, त्यांना नकली रुग्ण म्हणतात. आमच्यातलं कोण येईल?" मग 'अनुरूपित रुग्ण' केलं. तर त्यांनी विचारलं, "म्हणजे वधू-वर मेळाव्यातलं का?" शुक्रवारी पत्र जायचंय. सुचवा.

तळटीप:
'अभिरूप रुग्ण'. अभिरूप न्यायालय, अभिरूप संसद हे शब्द रुळलेले आहेत. अभिरूप न्यायालयात खोटा खटला लढवणाऱ्या मुलांना कुणी खोटारडं म्हणत नाही.

आडवाटेचा:
अभिरूप कळायला आधी लॉ कॉलेजात नाव घालावं लागेल. 'सोंग घेणारा पेशंट' म्हणा, शेंबड्या पोरालाही समजेल.

तळटीप:
समजेल, पण भलतंच समजेल. झोपेचं सोंग, वेडाचं सोंग, सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं आणता येत नाही. मराठीत सोंग म्हटलं की समोरच्याला फसवायचा हेतू आलाच. इथे समोरच्या विद्यार्थ्याला पहिल्यापासून माहीत असतं की बाईंच्या पोटात काही दुखत नाहीये.

काजूगर:
आमच्या दशावतारात सोंग म्हटला तर कोणाक वायट वाटणा नाय. उलट हे काम दशावताराच्या फार जवळचं वाटतंय मला. तिथे संवाद लिहिलेले नसतात. आज आख्यान कुठलं आणि तू कोण एवढं ठरतं, बाकी रंगमंचावर समोरचा बोलेल त्याला उत्तर द्यायचं. सुईदोरा, तुम्हाला संवाद लिहून देतात का?

आडवाटेचा:
धन्यवाद काजूगर. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा पाहिलेल्यांनाही विचारा. देवाचा मुखवटा चढवून नाचतो ते 'सोंग', आणि लोक त्या सोंगाच्या पाया पडतात. फसवणूक हा अर्थ शहरात चिकटलाय. सोंग हे 'स्वांग' वरून आलं, स्व + अंग. आपल्याच अंगावर दुसरं कुणी घेणं. मला तर यापेक्षा नेमका शब्द दिसत नाही.

तळटीप:
व्युत्पत्ती घेऊन कुणी बाजारात जात नाही. 'राजीनामा'त राजी आहे म्हणून कुणी खुशीनं देतो का?

निवृत्त_वैद्य:
थोडा इतिहास सांगतो, त्यावरून शब्द सुचला तर बघा. ही कल्पना हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टची. १९६३ साली लॉस एंजेलिसला, युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात, त्यांनी चित्रकारांसमोर बसणाऱ्या एका मॉडेलला मल्टिपल स्क्लेरोसिसनं पाय लुळे पडलेल्या बाईची भूमिका शिकवली. ते तिला 'प्रोग्रॅम्ड पेशंट' म्हणत. म्हणजे नावाचा घोळ जन्मापासूनचा. पुढे 'सिम्युलेटेड' आलं, मग 'स्टँडर्डाइज्ड' आलं. हे शेवटचे दोन एकच समजतात, पण जोर वेगळा आहे. पहिल्यात आजार हुबेहूब वठवणं महत्त्वाचं. दुसऱ्यात महत्त्व याला की पहिल्या विद्यार्थ्यासमोर जशी कळवळलात तशीच चाळिसाव्यासमोर कळवळायचं, नाहीतर परीक्षा न्याय्य राहत नाही. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा मांडली, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर, तेव्हापासून दुसऱ्या अर्थाची गरज वाढली. त्यासाठी 'प्रमाणित रुग्ण' चालेल का?

आडवाटेचा:
प्रमाणित बियाणं असतं, पिशवीला टॅग लावलेलं. ज्येष्ठ नागरिकांच्या कानाला लावणार का?

वऱ्हाडी_ठेचा:
😂 उगवणक्षमता पण लिहा म्हणा त्यावर.

मँचेस्टरची_सून:
इथे बरेच जण सरळ 'रोल प्लेअर' म्हणतात. मी प्लॅबचा, म्हणजे बाहेरच्या डॉक्टरांना ब्रिटनमध्ये काम करायला द्याव्या लागणाऱ्या परीक्षेचा, दुसरा भाग मँचेस्टरला दिला. दाराबाहेर लावलेला कागद वाचायचा, घंटा, आत जायचं, आठ मिनिटं. एका खोलीत मुलाच्या आजाराची बातमी आईला द्यायची होती. बाई अशी रडली की माझाच आवाज फाटला. घंटा वाजली, मी दारातून वळून पाहिलं. बाईनं नाक पुसलं, पाण्याचा घोट घेतला आणि रुमालाची घडी उलटी केली. कोरडी बाजू वर. पुढचा उमेदवार बाहेर कागद वाचत होता. त्या बाईला 'नकली' म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. शब्द मात्र सुचत नाही.

सुईदोरा:
काजूगर, संवाद नसतात. एक कागद असतो. त्यावर कधीपासून दुखतंय, कुठे दुखतंय, घरी कोण, आणि शेवटी ठळक अक्षरात 'विचारल्याशिवाय सांगू नये'. माझ्या कागदावर तिथे लिहिलंय की आईला हाच त्रास होता आणि ती ऑपरेशन टेबलावरच वारली, म्हणून ही बाई डॉक्टरकडे यायचं टाळत होती. हौशी नाटकात काम केलेली मी, मला तोंड बंद ठेवणं सगळ्यात जड गेलं. नाटकात वाक्य विसरलं तर पंचाईत. इथे न विचारता बोललं तर मुलाची परीक्षा बिघडते. पहिल्याच दिवशी एक मुलगा इतका घामाघूम झालेला की मी दया येऊन आईचं सांगून टाकलं. मॅडमनी मला बाहेर नेऊन झापलं. त्यामुळे 'अभिनेता रुग्ण' वगैरे मला पटत नाही. यात अभिनय थोडा आणि गिळणं जास्त.

आणखी एक. ऑल इंडिया कोट्यातून आलेला केरळचा मुलगा होता. मी म्हटलं, "पोटात कळ येते." तो मान हलवून म्हणाला, "कळलं, कळलं." त्याला वाटलं, मी विचारतेय कळतंय का. तीनदा कळ आली, तीनदा त्याला कळलं.

निवृत्त_वैद्य:
हा हा! पण खरं काम इथेच आहे. आता पाठ्यक्रमात संवादाचं शिक्षण आलंय, सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषा शिकवतात, पण पुस्तकात 'दुखणे' एवढंच. माझ्या ओपीडीत बाहेरच्या राज्यातून आलेल्या एका इंटर्ननं 'अंगावरून जातंय' याची नोंद 'अंगावर काहीतरी फिरल्याचा भास' अशी केली होती. बाईला त्वचारोगाकडे पाठवणार होता.

वऱ्हाडी_ठेचा:
कळ आणि चमक यात फरक काय धरता तुम्ही लोक? आमच्याकडे चमक भरते, कमरेत. वाकलं की भरली.

सुईदोरा:
ती उसण! उसण भरते. चमक निघते, क्षणात येते न् जाते. कळ लाटेसारखी चढते न् उतरते, बाळंतपणाच्या कळा म्हणतो ना. ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर, दाढेत किंवा पिकलेल्या गळवात. माझ्या कागदावर इंग्रजीत एकच शब्द होता. मी मॅडमना सांगून 'पोटात कळ, मग उजव्या खांद्यात चमक' करून घेतलं.

वऱ्हाडी_ठेचा:
आमच्याकडे उसण म्हणतच नाहीत ताई. चमकच भरते.

काजूगर:
कंबर 'धरते' ती वेगळी काय?

पाटीपेन्सिल:
ती धरून ठेवते, सोडतच नाही. सकाळी उठताना मान धरलेली असते तशी. आणि पोटात मुरडा येतो तो कुठे बसवणार?

तळटीप:
मंडळी, विषय 'सिम्युलेटेड'चा होता. आणि 'रुग्ण' तरी घ्या. रुज् म्हणजे मोडणं, रुग्ण म्हणजे मोडलेला. आपण 'अंग मोडून आलंय' म्हणतो त्यात तीच कल्पना हजारो वर्षांनी जिवंत आहे. असा शब्द हाताशी असताना पेशंट पेशंट काय चाललंय?

आडवाटेचा:
मग न मोडलेल्या माणसाला 'अभिरूप मोडलेला' म्हणणार? आयुष्यात एकदा तरी कुणी दवाखान्याच्या दारात "माझा रुग्ण कुठाय" असं ओरडलेलं ऐकलंय?

तळटीप:
महापौर, दिग्दर्शक, चित्रपट हे शब्द सावरकरांनी दिले, तेव्हा ते तरी कुणाच्या तोंडात होते? वापरले म्हणून रुळले. न वापरताच 'रुळत नाही' म्हणायचं, ही आपली खोड आहे.

आडवाटेचा:
त्यांचे जे शब्द रुळले नाहीत त्यांची यादी कुणी काढत नाही. आणि पत्र शुक्रवारी जायचंय, तुमच्या रुळण्याला पन्नास वर्षं लागतील.

मँचेस्टरची_सून:
'तोतया' शीर्षकातच का वगळलंय? तोत्यासारखं पढवलेलं बोलतो तो तोतया असणार. पढवलेला पेशंट. बॅरोजच्या 'प्रोग्रॅम्ड'ला किती जवळ आहे बघा.

निवृत्त_वैद्य:
व्युत्पत्ती गोड आहे, पण पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया पुण्याला आला, त्याचं शेवटी काय झालं ते आठवा. ज्येष्ठ नागरिक संघातून एकही जण येणार नाही.

सुईदोरा:
पत्र गेलं हो. मी 'पेशंटची भूमिका करणारे स्वयंसेवक' लिहिलं होतं. लांब होतं, पण सचिवांनी मान डोलावली होती. ऑफिसातल्या क्लार्कनं ते खोडून 'सिम्युलेटेड पेंशट' छापलं. अनुस्वार एक अक्षर आधीच सरकलेला. तरी अकरा नावं आली आहेत. त्यातल्या एका आजोबांनी विचारलंय की माझी बायपास खरीच झालीय, तर मला घेणार का.

तळटीप:
खरा आजार असलेला, पण ठरवून दिलेला दुसराच आजार सांगणारा. याला आता काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल:
त्याआधी हे सांगा, पेशंट 'तो' की 'ते'? आमच्या सातारकडे "आमचं पेशंट कुठल्या वॉर्डात हाय" असंच म्हणतात. आजोबा असले तरी.

वऱ्हाडी_ठेचा:
आमच्याकडे तो पेशंट, ती पेशंट. आमचं पेशंट म्हणजे लहान पोरगं असलं तर.