चोरीचा आळ आला की नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन जातं का?

रातपाळी
खासगी रुग्णालय, आयसीयू. बेशुद्ध रुग्णाच्या बोटातली अंगठी सकाळी नातेवाइकांना दिसली नाही आणि आळ रात्रीच्या सिस्टरवर आला. एफआयआर अजून नाही. प्रशासन म्हणतं, 'चूक झाली असं लिहून द्या, राजीनामा द्या, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द करवतो.' रुग्णालयाला तसं करता येतं का? पुढे इंग्लंडला जायचं असेल तर काय अडेल?

वॉर्डबुक
नाही. रुग्णालय फक्त तक्रार करू शकतं. नोंदवहीतून नाव काढण्याचा अधिकार १९६६ च्या परिचारिका कायद्याने महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला दिलाय, आणि तोही चौकशी करून, बाजू मांडायची संधी दिल्यानंतर. नुसत्या आळाने रजिस्ट्रेशन जात नाही. कोर्टात शिक्षा झाली किंवा कौन्सिलच्या चौकशीत गैरवर्तन ठरलं, तर मात्र जाऊ शकतं.

खरा धोका त्या 'लिहून द्या' मध्ये आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही, पण मेट्रन किंवा सिक्युरिटी ऑफिसरला लिहून दिलेली कबुली पुढे आणता येते. 'वाद नको' म्हणून अंगठीची किंमत भरली, तर तीही कबुलीसारखीच वाचली जाते. राजीनाम्याने एफआयआर थांबत नाही, कौन्सिलकडची तक्रारही थांबत नाही. म्हणून सह्या करू नयेत. कारणे दाखवा नोटीस लेखी मागावी, खुलासा मुदतीत द्यावा आणि त्यात फक्त वेळा, नोंदी, कोण हजर होतं एवढंच लिहावं. दुसऱ्या कुणावर संशय घेऊ नये.

त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन आयसीयू आणि कॉरिडॉरचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायला सांगा. डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) जुनं फुटेज पुसून त्यावर नवीन चढतं, मग निर्दोष माणसाकडेही दाखवायला काही उरत नाही. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

कलमवाचक
कलमाकडे लक्ष द्या, पुढचं बरंचसं त्यावर ठरतं. साधी चोरी भारतीय न्याय संहितेच्या ३०३(२) मध्ये येते, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. नोकराने मालकाच्या ताब्यातल्या वस्तूची चोरी केली तर ३०६, तिथे ७ वर्षांपर्यंत. दागिने रजिस्टरवर चढवून रुग्णालयाच्या ताब्यात दिलेले असतील, तर पोलीस ३०६ लावू शकतात. बोटातलीच अंगठी गेली असेल, तर ३०६ ला हरकत घ्यायला जागा आहे.

पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिलाच गुन्हा आणि वस्तू किंवा किंमत परत केली, तर ३०३(२) खाली सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. 'सुटलो' समजून लोक ती पत्करतात. पण ती दोषसिद्धीनंतरची शिक्षा आहे आणि कौन्सिलला दोषसिद्धीच दिसते.

दोन्ही कलमांची शिक्षा ७ वर्षांपर्यंतच असल्याने पोलीस बहुधा नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची, म्हणजे अटक न करता हजर राहायला सांगणारी, नोटीस देतात. त्या तारखांना हजर राहा. गैरहजर राहिलं तर अटकेला कारण मिळतं.

सरकारी_वॉर्ड
सरकारी दवाखान्यातल्यांसाठी: कोठडीत ४८ तासांहून जास्त राहिलं की मानीव निलंबन, म्हणजे निलंबित झाल्याचं गृहीत धरतात. एका रात्रीची अटक आणि तीन दिवसांची कोठडी यांत नोकरीच्या दृष्टीने एवढा फरक आहे, म्हणून वकील पहिल्याच दिवशी गाठा. निलंबनानंतर ९० दिवसांत दोषारोपपत्र हातात पडलं नाही, तर शासनाच्या ९ जुलै २०१९ च्या निर्णयावर बोट ठेवून पुनःस्थापना मागा. नकार आला तर मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण). कोर्टातून निर्दोष सुटलं तरी विभागीय चौकशी आपोआप संपत नाही, तिथे पुराव्याची कसोटी कमी कडक असते.

आळ अंगठीचा नसून रुग्णाच्या नावावर काढलेल्या फेंटानिल-मॉर्फिनचा असेल, तर वरचं सगळं अपुरं आहे. तिथे अंमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा येतो आणि जामीनही अवघड होऊ शकतो.

वॉर्डबुक
इंग्लंडचं राहिलं. तिथली एनएमसी (नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल) रजिस्ट्रेशनच्या अर्जातच शिक्षा आणि प्रलंबित गुन्हे विचारते. खरं सांगितलं तर प्रकरण तपासून निर्णय होतो. लपवलं आणि नंतर कळलं, तर तो अप्रामाणिकपणा म्हणून वेगळाच मुद्दा होतो. तिथे काम करताना असा आरोप आला, तर चौकशी संपण्याआधीच १८ महिन्यांपर्यंतचा अंतरिम आदेश निघू शकतो. नाव काढलं गेलं, तर ५ वर्षं पुन्हा अर्जही करता येत नाही.

आणि रुग्ण बेशुद्ध असला की दागिने उतरवताना नातेवाईक समोर हवेत. नोंदीत 'सोन्याची' नाही, 'पिवळ्या धातूची अंगठी, १ नग, उजवी अनामिका' असं लिहा. दोन सिस्टर आणि नातेवाईक, तिघांच्या सह्या घ्या. सूज आल्याने अंगठी निघत नसेल, तर तसंच लिहा आणि प्रत्येक हँडओव्हरला 'अंगठी बोटात आहे' ही नोंद करा. यातली एक नोंद राहिली, की अंगठी कुठल्या पाळीत गेली हे कुणालाच सांगता येत नाही. रुग्णाचीही त्यात फसवणूकच होते.