ट्रेलरची हिच सरळ चेसिसला वेल्ड करून टाका म्हणे!

ओढगाडी
परवा ट्रेलरवरच्या चर्चेत, हिच (ट्रेलर ओढायला ट्रकच्या मागे लावतात ती जोडणी) चेसिसला, म्हणजे ट्रकच्या सांगाड्याला, कशी बसवावी यावर एका महाशयांचा सल्ला वाचला. 'चांगला वेल्ड मूळ लोखंडापेक्षा मजबूत असतो. हेवी ड्यूटी हिचसाठी भोकं पाडत बसू नका, चारी बाजूंनी वेल्डचा सणसणीत रन मारा, विषय संपला.' खाली 'एक नंबर', 'अनुभवाचे बोल' वगैरे. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण राग दोन ओळींत मावेना.

पहिलं वाक्य खरं आहे आणि घात तिथेच आहे. वेल्ड सहसा तुटत नाही, तुटतं ते त्याच्या कडेचं लोखंड. जड ट्रकची चेसिस बऱ्याचदा पाणी दिलेल्या (तापवून, झटकन थंड करून कडक केलेल्या) पोलादाची असते, यील्ड (ज्या ताणाला ते कायमचं वाकतं तो) ७५० मेगापास्कलच्या आसपास. ती ताकद भट्टीतून आलेली असते. आर्क लावला की कडेच्या काही मिलिमीटरच्या पट्टीतलं पाणी उतरलंच. आणि 'चारी बाजूंनी' म्हटलं की खालच्या फ्लँजवर, म्हणजे चेसिसच्या सपाट पट्टीवर, आडवा रन आला. चेसिस वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण फ्लँजवर. तिथे आडवी रेघ मारणं म्हणजे 'इथून फाडा' अशी खूण करून ठेवणं.

हिच टेबलावर बनवा, तिथे हवं तेवढं वेल्डिंग करा. ट्रकला मात्र ती बोल्टनेच जोडा, तेही चेसिसच्या वेबमध्ये, म्हणजे उभ्या भिंतीत. भोक कुठे चालतं ते ट्रक बनवणाऱ्याच्या बॉडीबिल्डर (ट्रकवर बॉडी बांधणाऱ्यांसाठीच्या) पुस्तिकेत असतं. ती कुणी उघडत नाही, हा वेगळा राग.

ठिणगीकाका
तो महाशय मीच. नाव घ्यायला लाजायचं कारण नाही.

तीस वर्षं हातात वेल्डिंगचा होल्डर आहे. हिशोब मलाही येतो. ६ मिमी पायाचा फिलेट (कोपऱ्यातला तिकोनी वेल्ड), त्याची थ्रोट, म्हणजे सगळ्यात कमी जाडी, ४.२. ७०१८ या वेल्डिंग रॉडला थ्रोटवर १४५ मेगापास्कल धरतात, तेही भरपूर राखून. म्हणजे १० सेंटिमीटर वेल्ड ६० किलोन्यूटन ओढतो. मी एका हिचला मीटरभर वेल्ड मारतो. काढा भागाकार.

आणि सगळ्याच चेसिस पाणी दिलेल्या नसतात. हलक्या आणि जुन्या गाड्यांत साधं पोलादच असतं. तुमचे बोल्ट मात्र ढिले होतात, भोकं लंबगोल होतात, मग लोक माझ्याकडेच येतात, 'काका, एक रन मारून द्या' म्हणत.

नटबोल्ट
काका, तुमचाच आकडा घेतो. १६ टनांचा ट्रक, १० टनांचा ट्रेलर. डी-व्हॅल्यू, म्हणजे हिचवर धरायची ओढ, ही दोन्ही वजनांचा गुणाकार भागिले बेरीज, गुणिले ९.८१. येतात ६० किलोन्यूटन. म्हणजे तुमच्या हिशोबाने १० सेंटिमीटर वेल्ड पुरे. मग मीटरभर का मारता? मनात कुठेतरी धाकधूक आहे ना? (हलकं घ्या.)

तो आकडा एकदाच ओढायचा आहे. ट्रेलर मात्र प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक ब्रेकला धक्का देतो. धातूच्या थकव्याचा हिशोब लाखो धक्क्यांचा असतो आणि तिथे भारी पोलाद घेऊनही उपयोग नाही. वेल्डच्या कडेची थकवा-ताकद पोलादाच्या ग्रेडबरोबर वाढत नाही. दुप्पट मजबूत चेसिसवर वेल्ड मारलात तर ती दुप्पट ताकद वाया.

ठिणगीकाका
भोकानं ताण वाढत नाही वाटतं? गोल भोकाच्या काठाला तिप्पट ताण येतो, हे पोरंही शिकतात.

नटबोल्ट
येतो. म्हणून तर वेबमध्ये, फ्लँजपासून लांब, जिथे वाकण्याचा ताणच थोडा असतो. पाचाची तिप्पट परवडत नाही, एकाची परवडते.

सीटखालची_पेटी
दोघंही मोठी माणसं, मधे बोलतो. माझ्याकडे ७०१८ चं उघडं पाकीट सीटखाली वर्षभर पडलंय. हिच बनवायला चालेल का?

ग्राइंडरवाली
नाही!! ७०१८ म्हणजे लो हायड्रोजन. पाकीट उघडल्यावर चार तासांत वापरायचा, नाहीतर १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचा. ओलावा घेतला की जाडजूड कामात हायड्रोजनने तडा जातो, तोही लगेच नाही, दिवस-दोन दिवसांनी. म्हणून तर महत्त्वाच्या जोडाची तपासणी ४८ तास थांबून करतात.

ठिणगीकाका
ताई, ते जाड आणि कडक पोलादाला. १० मिमी साध्या प्लेटला काही होत नाही. फार तर सुरुवातीला वेल्डमध्ये चार पिनहोल (बारीक भोकं). उन्हात ठेव रॉड तासभर.

ग्राइंडरवाली
उन्हात?! परत सुकवायला २६० ते ४३० अंश लागतात, दोन तास, तेही एकदाच. उन्हाने कपडे वाळतात, रॉड नाही.

तिरकस
आमच्या फोरमनला कुणीतरी हे सांगितलं. त्याने उत्साहात सगळेच रॉड भट्टीत घातले, ६०१० या वेगळ्या जातीच्या रॉडसकट. ६०१० च्या कोटिंगला थोडा ओलावा लागतोच, त्यावर आर्कचा जोर असतो. नंतर दोन दिवस सगळे त्या रॉडला शिव्या देत होते. ज्ञान अर्धं असलं की भट्टी पूर्ण पेटते.

सीटखालची_पेटी
म्हणजे माझं पाकीट...

ग्राइंडरवाली
सरावाला वापर. हिचला नको. आणि सीटखाली कोण ठेवतं रॉड?

ठिणगीकाका
मी ठेवतो. काही झालं नाही.

ग्राइंडरवाली
'काही झालं नाही' हा तुमचा दुसऱ्यांदा दिलेला पुरावा आहे.

निळा_धूर
रॉडचं पुराण थांबवा. खरा धोका कुणी बोललंच नाही. ट्रकवर होल्डर लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीयूचे (गाडीच्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर काढा, अर्थ क्लॅम्प वेल्डच्या शेजारी साफ लोखंडावर लावा. माझ्या गाडीला मागे एकाने वेल्ड मारला आणि अर्थ लावला पुढच्या चाकाजवळ. करंट बेअरिंगमधून गेला. महिन्याभरात गाडी घुंऽ घुंऽ करायला लागली. बेअरिंग उघडलं तर रोलरवर बारीक जळके ठिपके. पैसे मागितले तर म्हणाला, 'बेअरिंग आधीच खराब होतं.' अजून डोकं फिरतं.

आणि हो, डिझेल टाकी, ब्रेकच्या नायलॉन नळ्या, खालचं डांबरासारखं अंडरकोट, हे सगळं पेटतं. काम झाल्यावर अर्धा-एक तास आग विझवायचं सिलिंडर घेऊन तिथेच बसा. आग लगेच लागत नाही, चहाला गेल्यावर लागते. आणि ब्रेक क्लीनर मारून लगेच आर्क लावू नका. क्लोरीनवाला असेल तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, आणि तो वास घेऊन ओळखायची गोष्ट नाही.

ठिणगीकाका
याच्याशी पूर्ण सहमत. गॅल्व्हनाइज्ड ब्रॅकेट असेल तर जस्तही आधी घासून काढा. एकदा न घासता मारलं, रात्रभर थंडी वाजून ताप. बायको म्हणाली मलेरिया.

ओढगाडी
चला, कशावर तरी एकमत. आता मूळ मुद्दा.

माझ्या आधीच्या ट्रकला वेल्ड केलेलीच हिच होती, दिसायला देखणी. एक दिवस धुताना फ्लँजवर गंजाची नारिंगी रेघ दिसली, वेल्डच्या कडेकडेने, सरळ. तडा शोधायची लाल डाय मारली, पुसली, पांढरा डेव्हलपर मारला, तर बोटभर लांब तडा उमटला. वेल्डला ओरखडा नाही. हिच त्या माणसाची अभंग होती, चेसिस माझी गेली.

ठिणगीकाका
कुणी मारला होता? त्याने रनचं टोक फ्लँजच्या कडेवर सोडलं असणार. अंडरकट (वेल्डच्या कडेला पडलेली खाच) असणार. माझा वेल्ड असता तर

ग्राइंडरवाली
काका, वाक्य पूर्ण करू नका.

ठिणगीकाका
बरं बाबा. पाणी दिलेल्या चेसिसवर मी मारणार नाही. गाडीवर तशी चिठ्ठी असते, वाचतो मीही. पण बोल्ट ढिले होतात त्याचं काय? त्याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

नटबोल्ट
ढिले होतात कारण बोल्ट शिअरवर (आडव्या कापणाऱ्या जोरावर) लटकवले जातात. एम १६ (१६ मिमी जाडीचा) १०.९ ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीचा, बोल्ट नीट टॉर्क केला (ठरलेल्या जोराने आवळला) की साधारण १० टनांची पकड देतो. घर्षण ०.२ धरलं तरी एकेका बोल्टमागे २ टन सरकू न देता. आठ बोल्ट, १६ टन, म्हणजे साधारण १५७ किलोन्यूटन. तुमच्या ६० किलोन्यूटनच्या अडीच पट, आणि भोकाच्या काठाला बोल्ट टेकतसुद्धा नाही. अट एवढीच की मधला जाड रंग खरवडून काढायचा. रंग दबतो तशी पकड जाते. स्प्रिंग वॉशर फेकून द्या, कडक सपाट वॉशर घाला, आणि पहिल्या भरलेल्या फेरीनंतर टॉर्क पुन्हा तपासा.

ठिणगीकाका
रंग खरवडायचा हे कुणी सांगितलं नव्हतं. लोक माझ्याकडे रंगासकट आणतात आणि मी बोल्टला शिव्या देतो. असो. हिशोब चुकीचा नाही. पुढच्या आठवड्यात एक हिच बसवायची आहे, पाणी दिलेली चेसिस. टेबलावर वेल्ड, ट्रकला बोल्ट. खूश?

ओढगाडी
खूश. दंडवत.

ठिणगीकाका
फक्त शेवटी प्रत्येक नटला वेल्डचा एक छोटा टाका मारीन. फिरायला नको म्हणून.

ग्राइंडरवाली
काका!!! १०.९ चा बोल्टही पाणी दिलेलाच असतो!

सीटखालची_पेटी
टाक्याला माझे सीटखालचे रॉड चालतील का?