जर्मनीत हाबिलिटेशन करायचं तर नक्की काय काय लागतं?

मिरजेची_माशी

नमस्कार मंडळी. मी बव्हेरियात पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं संशोधन) करते, फळमाश्यांच्या झोपेवर. पीएच.डी. पुण्याची, इथलं हे तिसरं वर्ष. परवा कॉफी पिताना बॉस सहज म्हणाले, "हाबिलिटेशनचा विचार करा." मी मान डोलावली आणि घरी येऊन शोधाशोध सुरू केली. फॅकल्टीची, म्हणजे विद्याशाखेची, नियमावली सगळी जर्मनमध्ये, आणि माझं जर्मन भाजी आणण्यापुरतं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणते, "परत पीएच.डी.? पहिली चालली नाही का तिकडे?"

पुन्हा प्रबंध लिहावा लागतो का? पेपर किती हवेत? शिकवणं जर्मनमधूनच का? मुलगी चार वर्षांची आहे, नवऱ्याची नोकरी इथेच आहे. उद्या परत यायचं ठरलं तर भारतात या पदवीला कोणी विचारतं का? कुणी केलं असेल तर सांगा.

गंगावेस

मी केलंय, रसायनशास्त्रात, उत्तरेकडच्या एका विद्यापीठात. आधी तुमच्या आईंचं. पहिली पीएच.डी. उत्तम चालते. पीएच.डी. म्हणजे तुम्हाला संशोधन येतं, हाबिलिटेशन म्हणजे एखादा विषय स्वतःच्या जबाबदारीवर शिकवता येतो असं फॅकल्टीने मान्य करणं. पूर्वी याच्याशिवाय इथे सहसा प्राध्यापक होता येत नसे. २००२ साली ज्युनियर प्रोफेसरची वाट निघाली, तेव्हापासून विज्ञानात ही सक्ती राहिली नाही. तरी वर्षाला दीडेक हजार लोक करतात, त्यातले जवळपास निम्मे डॉक्टर, दवाखान्यातले.

प्रबंध दोन तऱ्हेने होतो. इतिहास-साहित्यवाले जाडजूड ग्रंथ लिहितात, तोही पीएच.डी.च्या विषयापेक्षा वेगळा. आपण विज्ञानवाले पीएच.डी.नंतरचे पेपर एकत्र बांधतो आणि पुढे पन्नासेक पानांची प्रस्तावना जोडतो. पेपर किती, हे प्रत्येक फॅकल्टी आपापलं ठरवते. मी बारा जोडले होते. मोजताना त्यांनी फक्त मी पहिला किंवा शेवटचा लेखक असलेले धरले, बाकीचे शोभेला. मग बाहेरच्या विद्यापीठांतले परीक्षक, त्यांचे अहवाल, फॅकल्टीचं मतदान. अर्ज दिल्यापासून माझे चौदा महिने गेले, त्यातले चार एका परीक्षकाची वाट बघण्यात.

त्यानंतर व्याख्यान. तुम्ही तीन विषय द्यायचे, समिती एक निवडते. मी पहिले दोन घासून तयार केले आणि तिसरा भरतीला टाकला. समितीने नेमका तिसरा उचलला. दोन आठवडे झोप नाही. सांत्वन म्हणून एका सहकाऱ्याने गणितज्ञ रीमानची गोष्ट सांगितली: ग्योटिंगेन, १८५४, त्यानेही तीन विषय दिले होते आणि त्याच्या गुरूने, गाउसने, तिसराच निवडला, भूमितीच्या पायाबद्दलचा. ते व्याख्यान गणिताच्या इतिहासात अमर झालं. माझ्या व्याख्यानाला अकरा माणसं होती, त्यातली एक माझी बायको.

पण ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते वेगळंच. मी अडकलो पेपरांत नाही, शिकवण्यात. पाच वर्षं प्रॅक्टिकल घेतली, ट्यूटोरियल घेतले, बॉस कॉन्फरन्सला गेले की त्यांची लेक्चरंही घेतली. अर्ज भरताना कळलं की विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांच्या यादीत या सगळ्यापुढे नाव प्राध्यापकांचं. कागदावर मी काहीच शिकवलेलं नव्हतं. पुढचे दोन सेमिस्टर स्वतःच्या नावाने एक कोर्स घेतला, तेव्हा कुठे अर्ज पुढे सरकला. बॉस वाईट माणूस अजिबात नव्हते, त्यांच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या तरी कुठे आलं होतं?

भाषेचं म्हणाल तर, मास्टर्सचे वर्ग बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत चालतात. पण बॅचलरच्या पोरांना जर्मनच लागतं आणि समितीत कुणीतरी ते विचारतंच. भाजीच्या पुढे जा.

शेवटी तुमच्या नावामागे 'प्रिवाटडोझेंट' (स्वतंत्रपणे शिकवण्याचा हक्क असलेला अध्यापक) लागतं. ऐकायला भारी आहे. ते टिकवायला शिकवत राहावं लागतं, माझ्याकडे आठवड्याला दोन तास. पगार शून्य. हो, बरोबर वाचलंत.

धारवाडी_पेढा

गंगावेस यांनी उत्तरेचं सांगितलं, बव्हेरियात थोडं निराळं आहे. इथे आधी फॅकल्टीकडून 'हाबिलिटांड' म्हणून स्वीकारून घ्यावं लागतं, मग तीन प्राध्यापकांचं मार्गदर्शक मंडळ नेमतात. त्यांच्याशी शिकवण्याचं आणि संशोधनाचं काय-किती ते लेखी ठरतं, मध्ये एकदा तपासणी होते. मुदत साधारण चार वर्षांची. तिघांत एक तरी माणूस तुमच्या बॉसच्या शब्दाबाहेर जाणारा निवडा.

आणि घड्याळाकडे बघा. पीएच.डी.नंतर विद्यापीठात मुदतीच्या कंत्राटावर साधारण सहाच वर्षं राहता येतं (डॉक्टरांना नऊ). मुलीमुळे दोन वर्षं वाढू शकतात, पण त्यासाठी ठेवणाऱ्याची इच्छा लागते, कायदा फक्त परवानगी देतो. तुमचं तिसरं चालूच आहे की.

सदाशिव_पेठ_रिटर्न्स

मी सात वर्षांपूर्वी परत आलो, पुण्यात शिकवतो. भारतात हाबिलिटेशनचा रकाना कुठल्याही अर्जात नाही. २०१८ च्या यूजीसी नियमांत प्रोफेसरसाठी पीएच.डी., किमान दहा पेपर, दहा वर्षांचा अनुभव आणि विद्यार्थ्याला पीएच.डी.पर्यंत नेल्याचा पुरावा मागतात. मुलाखतीत एकाने विचारलं, "हे डी.लिट.सारखं का?" मी हो म्हणून टाकलं. आपल्याकडे डी.लिट. म्हटलं की शाल-श्रीफळ आठवतं, ते सोडा. परत यायचं पक्कं असेल तर चार वर्षं यात घालू नका, दोन विद्यार्थी पार पाडा. तिथे राहायचं असेल तर गोष्ट वेगळी.

मिरजेची_माशी

सगळ्यांचे आभार. गंगावेस, तुमचं वाचून लगेच अभ्यासक्रमांची यादी उघडली. तीन सेमिस्टर मी प्रॅक्टिकल घेतलं, मुलांचे रिपोर्ट रात्री बारापर्यंत तपासले. तिन्ही ठिकाणी बॉसचं नाव. माझं कुठेच नाही, 'आणि सहकारी' इतकंसुद्धा नाही. झालेल्या सेमिस्टरचं नाव बदलून मिळतं का?

गंगावेस

मला नाही मिळालं. पण बॉसच्या सहीचं पत्र तुमच्या फॅकल्टीत चालतं का, डीनच्या ऑफिसात विचारून घ्या: कोर्सचं नाव, सेमिस्टर, किती तास, सगळं त्यात हवं. मजकूर तुम्हीच टाइप करून न्या, त्यांच्यावर सोडलंत तर पुढच्या ख्रिसमसला मिळेल. येत्या सेमिस्टरची यादी बंद व्हायच्या आत सेक्रेटरीबाईंना गाठा. केक घेऊन जा.