प्रतिसाद: बाहेरच्या संशोधनाला आपला पैसा कशाला?

वर एका दादांनी विचारलंय, कांद्याला भाव नाही आणि सरकार परदेशी संशोधन संस्थांना पैसा कशाला देतं? कांद्याचं दुखणं खरंच आहे, मीही त्यातच होरपळतोय. पण दोन्हींची गल्लत नको.

आमच्या निफाडच्या बागेत द्राक्षवेलीचं बूड बघा. कलमाच्या गाठीखाली डॉगरीज जातीचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात तो मुळाकडचा भाग; तो मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचा. खारं पाणी, उन्हाळ्याचा ताण तोच सोसतो. वर फळ देणारं थॉमसन जातीचं कलम, तेही बाहेरूनच आलेलं. कोणी तरी देवाणघेवाण केली म्हणून आज आपण 'आपली द्राक्षं' म्हणून मिरवतो!

गव्हाचं तर विचारूच नका. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आणलं होतं. आणि २०१६ मध्ये दक्षिण अमेरिकेतला करपा, म्हणजे व्हीट ब्लास्ट, थेट बांगलादेशात उतरला. तो रोग मुद्दाम आपल्या शिवारात आणून तर वाण तपासता येत नाहीत. म्हणून हा रोग आधीच असलेल्या दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियात भारतीय वाण पेरून पाहिले. ही सोय फुकटात होत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. तिथलं निष्कर्षाचं बाड इथल्या बांधावर यायला फार वर्षं लागतात. पैसा त्या टप्प्यावरही हवा.