जुनी फुलकारी: हातची की यंत्रावरची, आणि धुवावी का?

अबोली:
सायन कोळीवाड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या, फाळणीनंतर रावळपिंडीकडून आलेल्या एका पंजाबी आजींनी माझ्या आईला तिच्या लग्नात दिलेली फुलकारी, म्हणजे रेशमी भरतकामाची पंजाबी ओढणी, आता माझ्याकडे आली आहे. कापड विटकरी लाल, जाडेभरडे आणि सुती असून त्यावर सोनेरी पिवळ्या रेशमाचे शंकरपाळ्यांसारखे आकार इतके दाट भरले आहेत, की मूळ कापड रेघेपुरतेच दिसते. मधोमध एक लांब शिवण आहे आणि तिच्यापाशी दोन्हीकडची नक्षी नीट जुळत नाही. शिवाय सगळे काम पिवळे असताना एका कोपऱ्यात एकच बुट्टी जांभळी आहे. या दोन दोषांवरून हा यंत्रावरचा फसलेला माल असावा, असे घरात एकाचे मत पडले. ते खरे मानावे का? आणि डांबराच्या गोळ्यांचा वास जाण्यासाठी फुलकारी धुतली तर चालेल का?

उलटी बाजू:
आपण ज्यांना दोष म्हणता, त्या दोन्ही गोष्टी फुलकारीच्या बाजूनेच साक्ष देतात. खद्दर, म्हणजे फुलकारीचे हे जाडेभरडे सुती कापड, अरुंद मागावर विणले जाई, म्हणून दोन-तीन पट्टे जोडल्याशिवाय ओढणीची रुंदी भरत नसे. पुष्कळदा पट्टे आधी भरून मग जोडले जात, आणि धाग्यांचा हिशेब थोडा जरी चुकला तरी शिवणीपाशी नक्षी सरकत असे. जांभळी बुट्टी ही नजरबुट्टी असावी. आपण बाळाच्या गालावर तीट लावतो, त्यातलाच प्रकार.

खरी परीक्षा मात्र कापड उलटून पाहण्यात आहे. फुलकारी उलट बाजूनेच, कापडाचे उभे-आडवे धागे मोजत भरतात. नक्षी आधी रेखाटून घेत नाहीत, ती बाईच्या डोक्यात असते. सुई अशी घालतात की रेशमाचा लांब टाका सुलट बाजूला पडतो आणि उलट बाजूला जेमतेम ठिपका उरतो. यंत्राच्या भरतकामात मागे दुसऱ्या दोऱ्याची जाळी दिसते. आणखी एक करा: फुलकारी खिडकीपाशी धरून सावकाश फिरवा. 'पट' म्हणजे पीळ न दिलेले रेशीम, त्यामुळे आडवे आणि उभे टाके आलटून पालटून उजळतात आणि एकाच रंगाच्या दोन छटा वापरल्यासारखे वाटते.

कापड जवळजवळ झाकले गेले असेल, तर तिला फुलकारी न म्हणता 'बाग' म्हणतात. आपल्या वर्णनावरून हा 'वरी दा बाग' असण्याची शक्यता मला वाटते. वरी म्हणजे सासरकडून नवरीला येणारी भेट. नातू जन्मला की आजी असा बाग भरायला घेई आणि पुढे तो नातसुनेच्या अंगावर पडे. याउलट 'चोप' आजोळाहून येतो आणि दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. इरकलीवरच्या कशिद्यातील, दोन्ही बाजूंनी सारखाच दिसणारा गावंती टाका ज्यांनी घातला आहे, त्यांना हे चटकन समजेल.

माळव्याची सून:
एक दुरुस्ती सुचवते. पंजाबातल्या माळव्यात, बठिंड्याकडच्या 'सैंची' फुलकारीत आकृत्या आधी काळ्या शाईने रेखाटून घेतात. त्यात दागिने, जनावरे, पहिलवान, एवढेच काय, आगगाडीसुद्धा आढळते. तेव्हा शाईची रेघ दिसली म्हणून कोणी फुलकारी खोटी ठरवू नये.

वाटसरू:
2015 साली घुमानच्या साहित्य संमेलनाला गेलो असता, नामदेवांचे दर्शन झाल्यावर परतीच्या वाटेवर एका दुकानातून 'अस्सल हातची' म्हणून ओढणी घेतली. घरी येऊन उलटून पाहिली, तर मागे दोऱ्यांचे जंजाळ होते. त्या ओढणीचे कापडही खद्दर नसून जॉर्जेट होते, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते. नवी आणि हातचीच हवी असेल, तर पतियाळ्याच्या त्रिपडी भागात चौकशी करावी. तेथील लाजवंती यांना याच कामासाठी 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

उलटी बाजू:
धुण्याचे राहिलेच. घरी धुऊ नये. लाल रंग सुटला तर तो पिवळ्या रेशमात उतरतो आणि मग काढता येत नाही. शिवाय पीळ नसलेले रेशीम चोळल्यावर पिंजते आणि चकाकी जाते. वासासाठी सावलीत, सपाट चादरीवर, दोन-तीन दिवस उघडी पसरून ठेवा. दोरीवर टांगू नका. ठेवताना घडी न घालता धुतलेल्या मलमलीसह गुंडाळा, आणि हाताळताना बांगड्या-अंगठ्या काढा, कारण लांब टाका अडकला की ओढला जातो.

अबोली:
आत्ताच उलटून पाहिली. मागे सर्वत्र बारीक ठिपके आहेत, जाळी कोठेही नाही. जांभळ्या बुट्टीजवळ मात्र ठिपक्यांची एक ओळ अर्ध्यावरच थांबली आहे आणि रेशमाचे बोटभर टोक तसेच सोडलेले आहे. मी कात्री आणायला उठले होते, पण आईने मला परत बसवले.